सुपर लीगमधला परदेशी कोटा आणि अकादमीतली पोरं: संधी मोजायची कशी?

मदत हवी आहे. इंग्लंडमधल्या १३ जणांच्या रग्बी लीगवर लेख लिहितोय. २०२६ पासून सुपर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, परदेशी खेळाडूंचा कोटा ७ वरून १० झाला, आणि त्याच हंगामात संघही १२ चे १४ झाले. म्हणजे जागा वाढल्याही आणि गेल्याही. घरच्या पोरांच्या वाट्याला नक्की काय आलं, हे आकड्यांत दाखवायचंय.

नियम वाचलाय. २१ वर्षांचा होईपर्यंत एकाच क्लबकडे तीन पूर्ण हंगाम नोंदणी असली की खेळाडू त्या क्लबने घडवलेला धरतात. जन्म कुठला, याला महत्त्व नाही, त्यामुळे राष्ट्रीयत्वावरून वर्गवारी करणं मी सोडून दिलंय.

संघांच्या याद्याही ताडून पाहिल्या. पण यादीत नाव असणं म्हणजे मैदानात उतरणं नव्हे. एखादा १९ वर्षांचा प्रॉप (पुढच्या फळीतला खेळाडू) हंगामभर यादीत दिसतो, आणि प्रत्यक्षात लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना दिलेला, चॅम्पियनशिपमध्ये (सुपर लीगच्या खालच्या स्पर्धेत) खेळत असतो. माझ्या मते खरी कसोटी मिनिटांची.

विकतचा डेटा परवडणारा नाही, फुकट आणि उघड उपलब्ध असलेलाच वापरायचाय. एनआरएलशी (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली रग्बी लीग स्पर्धा) तुलना नको.

तर, खेळाडूनिहाय मिनिटं कुठे मिळतील? ती नसतीलच, तर सुरुवातीच्या १३ मधली निवड हा निकष चालेल का? आणि सुपर लीगमधले फ्रान्सचे दोन क्लब, कॅटलन्स व टुलूझ, यांचे घरचे खेळाडू फ्रेंच व्यवस्थेतून येतात, त्यांना याच तक्त्यात धरू की वेगळं ठेवू?