दोन कोटेशनांत एवढा फरक का?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून पुण्याला घर हलवायला एका सामान हलवणाऱ्याने (पॅकर्स-मूव्हर्सवाल्याने) सांगितलेला आकडा दुसऱ्याच्या निम्मा कसा, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा दोघांनी एकच काम धरलेलं नसतं.

स्वस्तवाला तुमचं सामान दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सामानाबरोबर एकाच ट्रकात टाकणार असेल. त्यात पैसे वाचतात, पण सामान कधी पोचेल याचा भरवसा नाही. पूर्ण गाडीला जास्त पैसे लागतात, मात्र मध्ये कुठं उतरवाउतरव नाही. दर ठरतो तो सामान किती जागा खाणार यावर. म्हणून फोनवर यादी सांगू नका, माणूस घरी बोलवा. माळ्यावरची भांडी, गच्चीतल्या कुंड्या, पलंगाखालचे ट्रंक, सगळं दाखवा.

आमच्या ताईचं घर शिवाजी पेठेत. बोळात आयशर ट्रक शिरेना, मग हमालांनी सामान कोपऱ्यापर्यंत वाहिलं आणि त्याचे वेगळे पैसे मागितले. कपाट रस्त्यावर, ताई रडकुंडीला. गल्लीची रुंदी आणि पुण्यातला मजला, लिफ्ट आधीच सांगा हो.

किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे टोल, जीएसटी, पलंग खोलणं-जोडणं हे दरात धरलंय का, ते लेखी घ्या. विम्याचंही तसंच: फक्त अपघाताचा आहे की चढवता-उतरवताना फुटलेल्याचाही, हे विचारा. आणि सगळे पैसे आधी देऊ नका, काही पैसे सामान उतरवून तपासल्यावरच द्या.