सासूबाईंचा पहिला केमो झाला. गव्हांकुराचा रस देऊ का?

सई_सांगली:
सासूबाई ५८ वर्षांच्या. स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालंय. परळला टाटात दाखवलं. आता केमोच्या लाल रंगाच्या औषधाचे चार डोस, मग पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध दर आठवड्याला. पहिल्या डोसला आठवडा उलटला. सुरुवातीला उलट्यांनी हैराण होत्या, आता बऱ्या आहेत, उठून देवपूजा करतात. पण तोंडाला लोखंडाची चव येते म्हणतात, वरण-भाताचं ताट सरकवून देतात. त्यात शेजारच्या काकू रोज सकाळी गव्हांकुराचा रस आणतात, रक्त वाढतं म्हणून. नको म्हटलं तर रुसतात. काय करू?

मालतीताई_चिपळूण:
सई, रस आजच बंद कर. गव्हांकुर चांगले की वाईट हा वाद मला घालायचाच नाही. मातीतून उपटलेलं, न शिजवलेलं, एवढं कारण पुरे. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि नेमकं तेव्हाच माणसाला हुशारी वाटते. माझ्या केमोत मला त्या दिवसांत माळा आवरायची सुरसुरी यायची. शेवटी यजमानांनी शिडीच शेजारी नेऊन ठेवली!

दिवसातून दोनदा ताप बघ. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना, फोन करायचा. पेशी नसल्या की पू नाही, सूज नाही, ताप ही एकच खूण उरते. मुंबई तुम्हाला लांब, म्हणून सांगलीत शिरेतून अँटिबायोटिक लगेच कोण सुरू करेल ते आत्ताच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेव.

काकूंना सांग, डॉक्टरांनी कच्चं बंद केलंय, तुमच्या हातची नाचणीची पेज आणा. मायाच आहे ती, तिला काम द्यावं. बघायला येणाऱ्यांना मात्र सरळ दारातूनच चहा पाज.

चवीसाठी स्टीलचा चमचा बाजूला ठेव, लाकडी घे. गरम वरणाच्या वाफेनेच मला ढवळायचं, तेच कोमट असलं की चार घास जायचे. गार कोकमाचं सार चालायचं, पण तोंड आलं असेल तर आंबट नको. मुगाचं धिरडं, नीट उकडलेलं अंडं. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या.

पुढच्या औषधाचं आत्ताच सांगते. पॅक्लिटॅक्सेलने बोटांना मुंग्या येतात. माझ्या वाती वळता येईनाशा झाल्या. कापूस चिमटीत आहे की सुटला, ते डोळ्यांनी बघावं लागायचं. ब्लाऊजचे हुक लेक लावून द्यायची. हे डॉक्टरांना सांगायचं असतं, डोस कमी करता येतो. आपल्या बायका औषध थांबवतील या भीतीने गप्प बसतात, त्याचा मला फार राग येतो. माझं सगळं संपल्यावर लोक म्हणाले, झालीस ना बरी! हो, झाले. वाती जमतात आता, सुईत दोरा अजून नातच ओवते.

कोल्हापूरकर_७१:
बायकोच्या वेळचं सांगतो. डोसनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात, त्याने कंबर-मांड्यांची हाडं ठणकतात. आम्ही घाबरलो होतो, पण ते अपेक्षितच असतं. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते, ते रक्त नव्हे. आणि रेल्वेची सवलत घ्या. उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत रुग्णाचं मूळ भाडं माफ, सोबतच्याला ७५ टक्के सूट. फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यावा लागतो. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. दोन्हीची चौकशी टाटाच्या समाजसेवा विभागात करा.

सई_सांगली:
थर्मामीटर आणला. काकू पेज घेऊन आल्या, वर मलाच अर्धी वाटी पाजली. ताई, केसांचं काय? त्या रोज वेणी घालताना कंगवा उजेडात धरून बघतात.

मालतीताई_चिपळूण:
जाणार गं, या औषधाने दोन-तीन आठवड्यांत जातातच. तू खोटं आश्वासन देऊ नकोस. आधीच बारीक कापून घ्यायचे का, ते त्यांनाच विचार. मी न्हाव्याला घरी बोलावलं होतं. रात्री डोक्याला गार लागतं, मऊ सुती टोपी शिवून ठेव, शिवण बाहेरच्या बाजूला येऊ दे, आत टोचते.