दुर्मीळ जुन्या मोटारींना एवढी प्रचंड किंमत का मिळते?

वाटसरू:
नमस्कार. मर्सिडीज-बेंझची 1955 सालची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे ही मोटार 2022 साली स्टुटगार्टमधील लिलावात 13.5 कोटी युरोंना विकली गेली. अशा दोनच गाड्या तयार झाल्या होत्या आणि दुसरी कंपनीने स्वतःकडेच ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही शंका मिटत नाही. चित्रकार गेला की त्याच्या हातचे चित्र पुन्हा होत नाही, हे समजते. पण मोटार हे आराखड्यावरून घडवलेले यंत्र आहे. तोच आराखडा, तोच धातू आणि तितकेच कुशल कारागीर आजही मिळत असतील, तर हुबेहूब गाडी नव्याने बनवण्याऐवजी जुनीसाठी इतका पैसा कोणी का मोजावा? श्रीमंतांचा हट्ट एवढेच उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

गॅरेजवाला:
जुन्या गाड्या पूर्ववत करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध येतो. आधी एक गैरसमज दूर करतो. केवळ दुर्मीळ असल्याने किंमत येत नाही. सपशेल अपयशी ठरलेल्या कित्येक मॉडेलांच्या चार-दोनच गाड्या जगात उरल्या आहेत, पण त्यांना कोणी विचारत नाही. पैसा मोजला जातो तो त्या विशिष्ट गाडीच्या सलग आणि सिद्ध करता येणाऱ्या इतिहासासाठी, आणि तो इतिहास कोणत्याही कारखान्यात तयार करता येत नाही.

म्हणूनच गाडी तपासताना रंगाच्या चकाकीपेक्षा क्रमांक आधी पाहिले जातात. चॅसीवरचा, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावरचा, आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या मूळ नोंदींशी जुळला, तर त्या गाडीला ‘मॅचिंग नंबर’ म्हणतात. काही इंजिनांवर जिथे क्रमांक ठोकलेला असतो, त्या सपाट जागेवर भिंगातून पाहिले की कारखान्यातील यंत्राने धातू कापताना उमटलेल्या बारीक समांतर रेषा दिसतात. मूळ आकडे घासून कोणी नवे ठोकले असतील, तर त्या रेषा पुसल्या गेलेल्या असतात. एवढ्याशा जागेवरून किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आपल्या प्रश्नाचा निवाडा एकदा चक्क न्यायालयात झाला आहे. बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. त्यानंतर तिच्यात इतके फेरबदल झाले की विजयाच्या वेळचे भाग तिच्यात फारसे उरले नाहीत. पुढे एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, पण ही ती गाडीच नव्हे असे म्हणत खरेदीदाराने माघार घेतली. लंडनच्या उच्च न्यायालयाने 1990 साली निकाल दिला की भाग बदलले असले तरी गाडीचे अस्तित्व कधीही खंडित झालेले नाही, त्यामुळे तीच खरी ‘ओल्ड नंबर वन’ होय. तेच सुटे भाग वापरून कोणी दुसरी गाडी जुळवली असती, तर तिला हा मान मिळाला नसता.

हिशेबनीस:
वरील विवेचन पटले, परंतु बाजाराची बाजूही लक्षात घ्यायला हवी. 1962 ते 1964 या काळात फेरारी 250 जीटीओच्या 36 गाड्या बनल्या. अमेरिकेत तेव्हा ती सुमारे 18,000 डॉलरना मिळे, आणि ती कोणाला द्यायची हे खुद्द कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी ठरवत असत. त्यांतील एक 2018 साली 4.84 कोटी डॉलरना विकली गेली. मालक सहसा विकायला तयार नसतात, त्यामुळे एखादी लिलावात आली की हीच संधी असे समजून बोली लावली जाते, आणि हटून बसलेले दोनच ग्राहक असले तरी आकडा आभाळाला भिडतो.

प्रवेशाचा हक्क हेही एक कारण आहे. इटलीतील मिल्ले मिल्या ही शर्यत 1927 ते 1957 दरम्यान होत असे. आज त्याच नावाने भरणाऱ्या सोहळ्यात त्या काळी शर्यतीत धावलेल्या मॉडेलांनाच स्थान मिळते, त्यामुळे अशा गाडीबरोबर तो हक्कही पदरात पडतो. मात्र दर नेहमी चढतच जातात, असे कोणी समजू नये. 1988 साली एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यावर फेरारीच्या किमती भडकल्या आणि 1990 नंतर धाडकन कोसळल्या. चढ्या दराने कर्ज काढून गाड्या घेतलेल्यांचे हाल झाले.

वाटसरू:
दोघांचेही आभार. आणखी एक विचारतो. इतिहासच मोलाचा असेल, तर गाडी नव्यासारखी केल्याने तिची किंमत वाढते की घटते?

गॅरेजवाला:
गाडीची अवस्था पाहून ठरते. गंजाने चॅसीच पोखरली असेल, तर काम केल्यावाचून गत्यंतर नसते. पण 2015 साली पॅरिसच्या लिलावात आलेली फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर आठवून पाहा. ती अनेक दशके एका शेडमध्ये मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दडून राहिली होती. तिला न उजळता, आहे त्याच स्थितीत लिलावात मांडले आणि 1.6 कोटी युरोंहून अधिक किंमत आली. पुन्हा रंग केव्हाही देता येतो, पण मूळ थर एकदा खरवडला की गेला. म्हणून माझ्याकडे मूळ रंगाची गाडी आली की मी आधी मऊ फडक्याने एक कोपरा पुसून पाहतो, मालकाला तो दाखवतो आणि त्याच्याशी नीट बोलणे होईपर्यंत पॉलिश पेपरला हात लावत नाही.