जुने प्रेमी आणि लपवलेलं मूल : दोन अंकी नाटकासाठी तपशील हवेत

अंधारखोली (धागाकर्ता)
संहिता चालू आहे. अनघा आणि समीर दहा वर्षांपूर्वी वेगळे झाले. ती लग्न न करता नाशिकला राहते, मुलगी नऊ वर्षांची. समीरला मुलीचा पत्ताच नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी मुलीला अपघात होतो, रक्त लागतं, समीरचा गट जुळतो आणि त्याला उमगतं. पटेल का हे? बापाच्या नावाशिवाय जन्मदाखला, पासपोर्ट मिळतो का? आणि गुपित कुठे फोडावं?

लालपेशी
गट जुळला म्हणजे बाप, हे आधी काढून टाका. ओ आणि बी पॉझिटिव्हवाले पायलीला पन्नास मिळतात. रक्तगटावरून बाप ठरत नाही, फार तर बाद होतो. एबी गटाच्या माणसाला ओ गटाचं मूल सहसा होत नाही.

या ‘सहसा’मध्येच तुमचं नाटक आहे. समीरला एबी करा. मुलीच्या शाळेच्या ओळखपत्रावर ‘ओ’ असू द्या. तो पाहतो आणि ‘माझी नाही’ म्हणून सुटतो. पुढे रक्तपेढीत ओच्या पिशव्या काढतात, तर एकही क्रॉसमॅचला (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून पाहायची चाचणी) जुळत नाही. कारण मुलगी ओ नाहीच, बॉम्बे गटाची आहे. हा गट डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईतच नोंदवला. या लोकांच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजन, म्हणजे ए आणि बीच्या खुणा ज्यावर बसतात तो पायाच, नसतो; ओवाल्यांच्या पेशींवर तो असतो. त्यामुळे बापाकडून ए किंवा बीचं जनुक आलेलं असूनही काचपट्टीवरच्या साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतो. सीरममध्ये (रक्तातल्या द्रवात) मात्र एचवर हल्ला करणारी प्रतिपिंडं असतात, ती ओच्या पेशींवरही तुटून पडतात.

दोन अटी. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून अनघा-समीर लांबच्या नात्यातले दाखवलेत तर जास्त पटेल (ताटातुटीलाही आयतं कारण!). आणि बापाचं रक्त मुलीला चालणार नाही, बॉम्बे गटाचाच दाता लागेल. एरवीही जवळच्या नातेवाइकाचं रक्त तसंच चढवत नाहीत. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात, म्हणून पिशवीला आधी विकिरण देतात.

सनद
जन्मदाखला : अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यावा, असं सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये सांगितलंय. पासपोर्टला 2016 च्या अखेरीपासून आईवडिलांपैकी एकाचं नाव पुरतं. त्यामुळे ‘बापाच्या नावावाचून अडलं’ हे आजच्या काळात घातलंत तर प्रेक्षकांतला एखादा वकील हसेल. खिडकीवरचा कारकून छळतो तो भाग वेगळा, तो जरूर घ्या.

समीर ताबा मागायला धावला तरी, दोघं हिंदू धरली तर, 1956 च्या पालकत्व कायद्यात लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, मग बाप.

खरी अडचण हवी असेल तर प्रसूतीआधी अनघाचं दुसऱ्याशी लग्न लावा. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल कायद्याने नवऱ्याचंच. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 112, जुलै 2024 पासून साक्ष अधिनियमाचं 116. त्या काळात नवराबायकोला एकत्र यायची संधीच नव्हती हे सिद्ध केल्याशिवाय ते हलत नाही. डीएनए चाचणीही मागितली की मिळते असं नाही. मुलाच्या खासगीपणाचा विचार करून कोर्टं सहजी आदेश देत नाहीत. म्हणजे समीरला खात्री आहे आणि कायदा त्याला ओळखत नाही. दुसरा अंक त्यावर सहज उभा राहतो.

तिसरी घंटा
लालपेशींची कल्पना उचला, पण डॉक्टरच्या तोंडी भाषण नको. क्रॉसमॅच फसल्याचा फोन पुरे.

प्रेक्षकाला गुपित पहिल्या वीस मिनिटांत कळू द्या. धक्का एकदाच बसतो. ‘याला कधी कळणार’ ही हुरहुर मात्र दोन तास पुरते. रचना शिकायला शाकुंतलचा सातवा अंक काढा. दुष्यंताला आधी मुलाच्या हातावरची चक्रवर्तीची खूण दिसते, मग मूल आपल्याच पुरुवंशातलं असल्याचं कळतं, मग आईचं नाव, आणि शेवटी तो ताईत, जो आईबाप आणि खुद्द मुलाखेरीज कुणी उचलला तर साप होऊन डसतो. राजा तो सहज उचलतो, तापसी थक्क होतात. शकुंतला अजून रंगमंचावर आलेलीही नाही! आपलं गुपित आईला स्वतः सांगावंच लागत नाही.

अनघा गप्प का राहिली, हे मात्र पक्कं करा. ‘गैरसमज झाला, पत्र पोचलं नाही’ हे मोबाईलच्या काळात टिकत नाही. तिने शुद्धीत, विचार करून लपवलं असेल तरच समीरच्या रागाला वजन येईल.

व्यावसायिक प्रयोग असेल तर बालकलाकारासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांची मर्यादा, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मुलगी विंगेतच ठेवलीत तर सुटाल.

अंधारखोली
बॉम्बे गट घेतोच. पण पिशवी यायला किती वेळ दाखवू? दुसरा अंक एका रात्रीत आहे.

लालपेशी
रात्रभर चालेल. भारतात हा गट साधारण 10,000 त एकाचा, त्यामुळे रक्तपेढ्या दात्यांच्या याद्या ठेवतात. मुंबईत दाता मिळाला, पहाटे पिशवी बर्फाच्या पेटीतून नाशिकला निघाली, हे पटतं. रक्तस्राव आटोक्यात दाखवा मात्र, नाहीतर मुलगी सकाळपर्यंत थांबायची नाही. आणि पिशवी आल्यावरही क्रॉसमॅच पुन्हा करतात, त्याला पाऊण-एक तास धरा.