मदत हवी आहे: टेट्राडला गेज क्षेत्र म्हणायचं का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. एमएस्सी झालंय, आता शेती बघतो. वहीची मागची पानं कापूसवेचणीच्या हिशोबाची, पुढची सगळी सामान्य सापेक्षतेची.

भौतिकशास्त्रज्ञ उतियामांनी १९५६ मध्ये लॉरेंट्झ ग्रुप (अवकाश-काळातली फिरवणं आणि वेगबदल) स्थानिक केला, म्हणजे प्रत्येक बिंदूवर वेगळा धरायची मुभा दिली, तो भाग मला मनापासून पटतो. प्रत्येक वावरात दिशा आपापल्या धरल्या, तर धुरा ओलांडताना त्या कशा जुळवायच्या हे स्पिन कनेक्शन सांगतं. अडतंय पुढं. किबल यांच्या १९६१ च्या मांडणीत स्थानांतरंही (जागेवरून सरकणं) येतात, म्हणून टेट्राडला (प्रत्येक बिंदूवरच्या चार दिशांच्या चौकटीला) त्यांचं गेज क्षेत्र, म्हणजे स्थानिक सममिती टिकवायला घ्यावं लागणारं क्षेत्र, म्हणतात. पण यांग-मिल्सचं (कणांमधल्या बलांच्या गेज सिद्धांताचं) क्षेत्र शून्य असलं तरी चालतं, टेट्राडचा व्यस्त मात्र निघायलाच हवा. शिवाय डिफिओमॉर्फिझम (अवकाश-काळाचं गुळगुळीत सरकवणं) बिंदूच हलवतो, तिथला आतला कोन नाही. ॲक्शनही (जिच्यातून समीकरणं निघतात ती राशी) वेगळी: यांग-मिल्समध्ये वक्रतेचा वर्ग, गुरुत्वाकर्षणात वक्रता एकाच घाताची.

२+१ मितींत (दोन अवकाशाच्या, एक काळाची) विटेन यांनी १९८८ मध्ये चर्न-सायमन्स (तीन मितींतला एक गेज सिद्धांत) रूपात गुरुत्वाकर्षण सुंदर बसवलं. मग चार मितींत नेमकं कुठल्या पायरीवर अडतं? कुणी ती एक पायरी हातानं सोडवून फोटो टाकला तरी चालेल. इथं रेंज कमी असते, व्हिडिओ उघडत नाही. दोन महिन्यांपासून याच पानावर आहे हो.