मायरिस्टिकाची राई जागेवरच राखावी की रोपवाटिकेत वाढवावी?

प्रश्न – ओहोळकाठ
दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील मायरिस्टिका मॅग्निफिकाची राई २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. जायफळाच्या कुळातील ही झाडे दलदलीत वाढतात, आणि चिखलात हवा मिळत नसल्यामुळे त्यांची मुळे गुडघ्यासारखी वर येऊन पुन्हा जमिनीत शिरतात. आमच्या निसर्गमंडळात यावरून दोन तट पडले आहेत. एवढ्याशा तुकड्यावर विसंबून न राहता बी बीजपेढीत ठेवावे आणि रोपे इतरत्र लावावीत, असे काहींना वाटते. उरलेल्यांच्या मते मूळ जागा राखली की पुरे. निर्णय नेमका कशावरून करावा?

उत्तर १ – बियाणे_सांभाळ
बीजपेढीचा विचार प्रथम सोडून द्यावा. भात, ज्वारी किंवा कडधान्ये यांचे बी चांगले सुकवून उणे १८ अंश सेल्सियसला ठेवले, तर ते वर्षानुवर्षे उगवणक्षम राहते. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोची जनुकपेढी याच तत्त्वावर चालते. मायरिस्टिकाच्या बियांना मात्र सुकवणे सोसत नाही. ओल गेली की बी मरते, त्यामुळे ते ताजे असतानाच रुजवावे लागते. म्हणजे अधिवासाबाहेर जपायचे झाले, तर जिवंत झाडांच्या रूपानेच जपावे लागेल.

त्यातही एक मेख आहे. या झाडांत नर आणि मादी वेगवेगळे असतात, आणि रोप कोणते हे फुले येईपर्यंत कळत नाही. एकाच मादी झाडाखालचे बी वेचून शंभर रोपे केली, तरी ती सगळी एकाच आईची लेकरे ठरतात. म्हणून बी अनेक झाडांचे घ्यावे, प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाचा क्रमांक लिहावा आणि राईत पुनरुत्पत्तीला पुरेल एवढे बी तिथेच राहू द्यावे. हौशी वृक्षारोपणात नेमके हेच राहून जाते.

उत्तर २ – माळरान
माझ्या मते कसोटी एकच: ऱ्हासाचे कारण कोठे आहे? गिधाडांचे उदाहरण घ्या. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. गिधाड अन्नासाठी शेकडो किलोमीटर फिरते, त्यामुळे घरटी असलेले कडे कितीही राखले तरी ते वाचणार नव्हते. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते. अशा वेळी हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात त्यांची पैदास करणे अपरिहार्य होते. तेथील पक्षी जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणले गेले. परंतु २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली नसती, तर त्यांना सोडण्यात काय अर्थ होता? विष तसेच ठेवून पक्षी वाढवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

तुमच्या राईचा धोका मात्र जागेवरचाच आहे. दलदलीचे पाणी तोडून तिथे सुपारीची बाग किंवा भातखाचर केले की झाडे जातात. तो धोका तिथेच अडवता येतो, म्हणून बहुतेक श्रम आणि पैसा तिथेच घालावा.

उत्तर ३ – वरचा_झरा
वरील मताला एक पुस्ती जोडतो. राईभोवती कुंपण घातले म्हणजे राई राखली, असे होत नाही. ओहोळाच्या वरच्या अंगाला पंप बसले, पाट वळवले किंवा उतारावरचे जंगल काढून रबर लावले, तर राईच्या हद्दीत एकही कुऱ्हाड न चालता दलदल आटू शकते. गोव्यात सत्तरीतील नानोड्याची निरंकाराची राय ही मायरिस्टिकाचीच देवराई टिकली ती देवाच्या धाकामुळे, हे खरेच. पण हा धाक सहसा झाडांपुरता असतो, वरच्या शेतातल्या पंपापर्यंत तो पोचत नाही. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या नोंदवहीत झाडांच्या यादीबरोबर झऱ्यांची आणि मार्च ते मे या काळातील पाण्याच्या पातळीची नोंद व्हावी, असा आग्रह धरावा.

रोपवाटिका जरूर करा, परंतु राईजवळच आणि तिच्याच ओहोळाच्या पाण्यावर. रोपे आधी राईच्या कडेच्या मोकळ्या झालेल्या ओल्या पट्ट्यात लावावीत. धनेशासारखे मोठ्या चोचीचे पक्षी ही फळे खाऊन बी दूर नेतात; कोरड्या बागेत पडलेले बी वाया जाते, ओल्या पट्ट्यात पडलेले रुजण्याची शक्यता असते.