महिन्याच्या आकड्यावरून कामाचा नंबर लावू नका

कोणतं काम जास्त कमाईचं हे सांगणारी एक यादी आहे. तिच्यात महिन्याला हातात किती पैसे पडतात एवढ्यावरच क्रम लावलाय, म्हणून फाउंड्रीतला (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यातला) मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कामगार, ऑफिसातल्या कारकुनाच्या वर बसलाय. मला हे पटत नाही.

माझा धाकटा भाऊ कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत ठेकेदाराकडे मोल्डर आहे. ओव्हरटाइम धरला तर चांगल्या महिन्यात त्याला कारकुनापेक्षा जास्तच मिळतात. पण ट्रॅक्टर-गाड्यांची मागणी बसली की कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) ऑर्डरी आटतात आणि आठवड्यात तीनच हजेऱ्या भरतात. गेल्या पावसाळ्यात मनगटावर भाजलं, दहा दिवस घरी होता, त्या दहा दिवसांचा एक रुपया आला नाही. कारकुनाला भरपगारी रजा असते, पीएफमध्ये त्याचे 12 टक्के कापले जातात तेव्हा तेवढेच मालकही भरतो. हे यादीत कुठं धरलंय?

कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या चांदीकामाचं तर आणखी अवघड. मजुरी कामाच्या मापानं मिळते आणि घरातल्या बायका हात लावतात तेव्हाच माल वेळेत उठतो. सरकारी श्रमबल पाहणीत स्वयंरोजगार, नियमित पगारी आणि नैमित्तिक मजूर असे तीन गट असतात. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारी बाई त्यातल्या पहिल्या गटात मोडते. म्हणजे ती रोजगारात आहे, पण तिच्या नावावर कमाई नाही. घरातल्या तिघांच्या कष्टाची मजुरी एका कारागिराची म्हणून मांडली, तर त्याचा नंबर उगाच वर जातो.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांचंही महिन्याच्या आकड्यावरून कळत नाही, हंगाम संपला की त्यांचं काम थांबतं.

माझ्या मते वर्षाची एकूण कमाई घ्या, तिला राबलेल्या तासांनी भागा, आणि काम किती महिने टिकतं ते शेजारी लिहा.